सायकलीचा भंगलेला सांगाडा : लोहाराच्या भात्यापासून कार्बनच्या तंतूपर्यंत

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोधक, कारखानदार आणि निर्मितीची वर्षे यांचीच नोंद करण्याची रीत पडून गेली आहे. यंत्र मोडल्यावर ते कोणी दुरुस्त केले, कोठे केले, आणि ते पुन्हा वापरण्याजोगे झाले आहे असा निवाडा कोणी दिला, हा इतिहास सहसा लिहिला जात नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. शर्यतीच्या तोंडावर सायकलीचा सांगाडा भंगला आहे असे दिसून आले तर स्वाराने काय करावे, आणि काळ बदलला तसतसे ह्या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले? सांगाडा पोलादाचा होता तोवर हा प्रश्न मुख्यतः हस्तकौशल्याचा होता. तो कार्बन-तंतूंचा झाल्यापासून प्रश्नाचे स्वरूपच पालटले आहे. ते कसे, हे बुलढाणा जिल्ह्यासारख्या महानगरांपासून दूर असलेल्या प्रदेशातून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते.

ह्या जिल्ह्याची भूमीच दोन पातळ्यांवर वसलेली आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातील सखल, काळ्या मातीचा भाग ‘घाटाखालचा’, आणि बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील व तिच्या पलीकडचा भाग ‘घाटावरचा’, अशी विभागणी आजही लोकांच्या बोलण्यात आहे. मोताळ्याकडून बुलढाण्यास चढणारा राजूर घाट आणि खामगावकडून येणारा बोथ्याचा घाट ह्या दोन वाटांनी हे दोन भाग जोडलेले आहेत. येथे सायकलीचा सराव करणाऱ्यास चढ आणि उतार दोन्ही हाताशी आहेत. चढावर सायकलीचे वजन जाणवते व उतारावर तिचा भरवसा लागतो. पुढील विवेचनात ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवावयास हव्यात, कारण हलक्या सांगाड्याची सारी कीर्ती चढावरची आहे आणि त्याचे सारे भय उतारावरचे आहे.

सायकल येण्यापूर्वी ह्या मुलखातले चालते वाहन म्हणजे बैलगाडी. १८७० साली जलंब–खामगाव हा लोहमार्गाचा फाटा सुरू झाला, तो खामगावच्या कापूस-बाजारासाठी. परंतु त्या बाजारापर्यंत कापूस येई तो गाड्यांतूनच. गाडीचे चाक सुताराचे, त्यावरची लोखंडी धाव लोहाराची. धाव सैल झाली की ती तापवून पुन्हा चढवावयाची, आरा फुटला की नवा बसवावयाचा. हे काम करणारा गावातच असे आणि बहुधा बलुत्यावर काम करी. मोडलेली वस्तू, ती दुरुस्त करणारा आणि दुरुस्तीचा पुढे वर्षभर साक्षीदार राहणारा समाज ही तिन्ही एकाच शिवारात असत. लोहाराने केलेला जोड कच्चा निघाला तर ते गावाला आठ दिवसांत कळत असे. दुरुस्तीवरील विश्वासाची ही मूळ घडण होय.

सायकल ह्या घडणीत सहज सामावली. तिचा सांगाडा पोलादी नळ्यांचा. नळ्या कोपऱ्यांवर सांध्यांमध्ये बसवून पितळेच्या डाखाने जोडलेल्या. १८९७ साली इंग्लंडात आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने टोकांशी जाड व मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले आणि १९३५ साली त्याच घराण्याच्या कारखान्यातून ‘५३१’ ह्या नावाची मिश्रपोलादी नळी आली. शर्यतीच्या सायकली पुढे कित्येक दशके ह्याच जातीच्या नळ्यांवर धावल्या. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथील कारखान्यांतून खेडोपाडी पोचलेली सायकल मात्र साध्या पोलादाची, जाड नळीची व जड होती. दूधवाल्याच्या कॅनचा आणि दांड्यावर बसविलेल्या सोबत्याचा भार सोसणे हे तिचे काम. ती मोडली की तालुक्याच्या गावी गॅस-वेल्डिंगवाल्याकडे न्यावयाची. तो काळा चष्मा लावून दहा मिनिटांत सांधून देई, आणि सांध्यावर रंग फासण्याचीही कोणास गरज वाटत नसे.

शर्यतीतील दुरुस्तीचे जे उदाहरण सायकलीच्या इतिहासात सर्वांत प्रसिद्ध आहे ते याच लोहारशाळेच्या जगातील आहे. जुलै १९१३ मध्ये फ्रान्सच्या महाशर्यतीत बायोन ते ल्यूशाँ ह्या पिरेनीज पर्वतातील टप्प्यात तूर्माले घाट उतरत असताना यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला. स्वाराने स्वतःची सायकल स्वतःच दुरुस्त केली पाहिजे, कोणाचीही मदत घेता कामा नये, असा त्या शर्यतीचा नियम होता. क्रिस्तोफ सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरांहून अधिक चालत सेंत-मारी-द-कांपाँ ह्या खेड्यात पोचला, तेथील लोहारशाळेत शिरला, आणि पंचांच्या डोळ्यांदेखत त्याने तो चिमटा स्वहस्ते घडवून जोडला. ह्यात कित्येक तास गेले व शर्यत हातची गेली; ती फिलिप थिस याने जिंकली. शिवाय, एका मुलाने भाता हलविला ही बाहेरची मदत ठरवून पंचांनी क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड ठोठावला, तो पुढे तीन मिनिटांवर आणण्यात आला. वऱ्हाडातल्या लोहारास हा न्याय अजब वाटला असता. भाता ओढणारे पोर हे आपल्याकडे भट्टीचाच एक अवयव मानले जाते!

ह्या कथेत शौर्याचा भाग पुष्कळ सांगितला जातो. आमच्या मते तिच्यातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चिमटा तुटला आहे की नाही याविषयी तेथे कोणासही शंका नव्हती. तो सांधला गेला आहे की नाही हेही डोळ्यांना दिसत होते, हाताला कळत होते. निदान आणि उपचार ही दोन्ही एकाच माणसाच्या, म्हणजे खुद्द स्वाराच्या, आवाक्यात होती. नियमांचा सारा जाच असूनही तो नियम अंमलात आणता येण्याजोगा होता, तो एवढ्यासाठीच.

पोलाद भरवशाचे आणि कार्बन दगाबाज, असा निष्कर्ष मात्र येथून काढता येणार नाही. त्याच क्रिस्तोफचा चिमटा १९१९ साली पुन्हा तुटला. त्या वर्षी आघाडीच्या स्वारासाठी पिवळी बंडी नव्यानेच सुरू झाली होती व ती प्रथम त्याच्याच अंगावर चढली होती. व्हालांसिएन गावाजवळ चिमट्याने दगा दिला आणि विजय फिर्मिन लांबो याच्याकडे गेला. १९२२ सालीही त्याच्यावर हाच प्रसंग आला. पोलादही थकते, आणि पुष्कळदा सांध्यापाशी, रंगाखाली, गुपचूप थकते. भेद आहे तो असा : पोलाद बहुधा आधी वाकते, रंगाला सुरकुती पडते, भेगेतून गंजाची तांबूस रेघ झिरपते. त्याचे दुखणे वाचण्याची लिपी कारागिरांच्या कित्येक पिढ्यांनी तयार केलेली होती. कार्बनची लिपी वेगळी आहे आणि ती वाचणारे थोडे आहेत.

कार्बन-तंतूची जन्मकथा येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. एडिसनने १८७९ च्या सुमारास दिव्याच्या तारेसाठी कापूस व बांबू जाळून कोळशाचे तंतू केले होते, ही गोष्ट कापसाच्या मुलखातील वाचकास रुचेल एवढेच. अतिबलवान तंतूचा आधुनिक शोध १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकन याने लावला, जपानात अकिओ शिंदो याने आणि त्यानंतर इंग्लंडात फार्नबरो येथील संशोधकांनी ॲक्रिलिक जातीच्या धाग्यापासून तो व्यवहार्य केला. हे तंतू राळेत बसवून थरांवर थर रचले की पोलादाहून कितीतरी हलका व ताठ पदार्थ तयार होतो. पण त्याचे एक वैगुण्य आरंभीच उघडकीस आले. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आरबी २११ ह्या विमान-इंजिनाची पंख्याची पाती कार्बनची करण्याचे योजिले होते. उडत्या पक्ष्याची धडक सोसण्याच्या कसोटीत ती टिकली नाहीत व टायटॅनियमची पाती घ्यावी लागली. त्या इंजिनाच्या खर्चाने फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. ओढ सोसण्यात हा पदार्थ अद्वितीय; आडव्या आघातापुढे मात्र हळवा. पुढे सायकलीच्या बाबतीत जी जी अडचण उपस्थित झाली तिचे बीज त्या पात्यांत दिसते.

सायकलीत कार्बन आला तो १९७० नंतरच्या दशकात, आणि प्रथम नळीपुरताच. नळ्या कार्बनच्या व सांधे ॲल्युमिनियमचे अशी ती रचना होती. १९८६ साली ग्रेग लेमाँड याने अशाच जातीच्या सांगाड्यावर फ्रान्सची शर्यत जिंकली. त्याच वर्षी अमेरिकेत केस्ट्रेल कंपनीने सांधेच नसलेला अखंड कार्बनचा सांगाडा विक्रीस आणला. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन लोटसच्या कार्बनच्या सायकलीवर सुवर्णपदक मिळविता झाला, तेव्हा ती सायकल आहे की विमानाचा तुकडा असा प्रश्न पाहणाऱ्यांना पडला. २००० साली आंतरराष्ट्रीय सायकल संघाने शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलोग्रॅम ठरविले. इतिहासकाराने हे कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. सायकल किती जड असू शकते याची चिंता वाहणारे जग आता ती किती हलकी होऊ देऊ नये याची चिंता वाहू लागले होते.

ह्या हलकेपणाची किंमत काय, हे शर्यतीच्या आदल्या रात्री कळते. सायकल मोटारीच्या छतावर किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्स बसच्या डिकीत इतर सामानाखाली घालून शर्यतीच्या गावी न्यावी लागते. उतरवून घेतल्यावर आडव्या दांड्यावर एक बारीक रेघ दिसते. ती केवळ रंगाची आहे की आतले थर सुटले आहेत? स्वारापुढे हा एकच प्रश्न असतो, आणि त्याच्या उत्तरावर त्याचा जीवही अवलंबून असू शकतो.

ह्या प्रश्नाला भिडण्याची जी घरगुती साधने आहेत ती खोटी नाहीत. सांगाडा धुऊन कोरडा करावा. तिरप्या उजेडात पाहावा. कापसाचा बोळा नळीवरून फिरवावा. भेग असेल तेथे धागे अडकतात. नाण्याने हलकेच ठोकत जावे. धडधाकट नळीचा आवाज खणखणीत व थर सुटलेल्या जागेचा बद्द असतो, आणि हा आवाज नळीच्या दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून पाहावा, कारण जाडी जागोजाग बदलते. अंगठ्याने दाबून पृष्ठभाग दबतो का पाहावे. खामगावच्या बाजारात चांदी पारखणाऱ्यास, किंवा आठवडी बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या गृहिणीस, ह्यात नवे काही वाटू नये. परंतु ह्या परीक्षेचे सामर्थ्य एकतर्फी आहे. ती ‘सांगाडा भंगला आहे’ असे सांगू शकते. ‘भंगलेला नाही’ असे निश्चयाने सांगू शकत नाही. बाहेरचा थर आघातानंतर पूर्ववत होतो व आतले थर सुटलेले राहतात, असे पुष्कळदा घडते. ते पाहण्यास ध्वनिलहरींची अथवा उष्णताचित्रणाची उपकरणे लागतात. देशात ही विद्या नाही असे नव्हे. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘तेजस’ विमानाच्या कार्बनच्या अवयवांसाठी ती कमावली आहे. ती तालुक्याच्या सायकल-दुकानापर्यंत उतरलेली नाही, एवढेच.

आणि उपचार? रीतसर दुरुस्तीत भंगलेला भाग घासून उतरता करावा लागतो, मूळ थरांच्या दिशा ओळखून त्याच दिशांनी नवे तंतू इपॉक्सी राळेत बसवावे लागतात, ते दाबाखाली सुकू द्यावे लागतात. साध्या तपमानावर राळ कडक होण्यास सुमारे एक दिवस व पूर्ण बळ येण्यास कित्येक दिवस लागतात. उष्णता देऊन न मुरविलेली अशी राळ पन्नास-साठ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात घाटाखाली उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत काळा सांगाडा ठेवला तर ही मर्यादा सहज गाठली जाते. एका रात्रीत होणारे हे काम नव्हे. तरीही ते एका रात्रीत करून देणारे भेटतात! मोटारींचे बंपर व पाण्याच्या टाक्या सांधणारे फायबरचे कारागीर आता लहान गावांतही आहेत. हात सफाईदार, वृत्ती मदतीची. मात्र त्यांचे द्रव्य बहुधा काचतंतू व पॉलिएस्टर राळ हे असते, आणि घट्ट झालेल्या इपॉक्सीवर ती राळ नीट धरत नाही. ठिगळ गुळगुळीत दिसते, रंग लावल्यावर ओळखूही येत नाही. गावच्या लोहाराचा जोड कच्चा असेल तर तो कच्चा दिसे. हे ठिगळ कच्चे असूनही पक्के दिसते. एम-सीलसारख्या लुकणाविषयी तर बोलावयासच नको. नळाच्या गळतीस ते उत्तम.

त्यातही पुढचा चिमटा, त्याची वर हँडलात जाणारी नळी, आणि खुद्द हँडल यांना ठिगळ लावण्याचा विचारही करू नये, ते बदलावेत, असे जाणते कारागीर सांगतात. ह्यास आधार देणारे उदाहरण एप्रिल २००६ मधील पॅरिस–रूबे शर्यतीचे आहे. जॉर्ज हिंकॅपी हा त्या दिवशी आघाडीच्या तुकडीत होता. शर्यतीत आधी तो एकदा पडला होता, उठून पुढे गेला होता. पुढे दगडी फरसबंदीवर त्याच्या चिमट्याची वरची नळी एकाएकी तुटली, हँडल हातात आले आणि तो जबर आपटला. ती नळी कार्बनची नव्हे, ॲल्युमिनियमची होती, हे मुद्दाम नमूद करावयास हवे. दोष केवळ एका पदार्थाचा नसतो. पडल्यानंतर न तपासता पुढे जाण्याचा असतो, आणि तपासण्यास शर्यत वेळ देत नाही.

व्यावसायिक स्वारांच्या जगाने ह्या अडचणीतून काढलेला मार्ग म्हणजे दुरुस्तीच टाकून देणे. स्वाराने एकट्यानेच सारे करावे हा जुना नियम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून सैल होत गेला. १९७३ पासून माव्हिक कंपनीच्या तटस्थ मदतीच्या मोटारी शर्यतींत सर्वांसाठी चाके व सायकली घेऊन धावू लागल्या. १४ जुलै २०१६ रोजी माँ व्हांतू पर्वतावर गर्दीमुळे झालेल्या धडकेत पिवळी बंडी ल्यालेल्या ख्रिस फ्रूमची सायकल मोडली. त्याने ती टाकली आणि तो चक्क डोंगर धावत चढू लागला. मग मिळालेली तटस्थ सायकल त्याला जुळेना, शेवटी संघाच्या मोटारीतून त्याची दुसरी सायकल आली. क्रिस्तोफ मोडकी सायकल खांद्यावर घेऊन लोहार शोधीत गेला. फ्रूमने ती रस्त्याकडेला सोडली. एकशेतीन वर्षांत दुरुस्तीची जागा पर्यायाने घेतली. हा पर्याय मात्र ज्याच्या मागे मोटार आहे त्याच्यासाठीच आहे.

आपल्याकडील लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत हे दोन्ही नमुने आज एकाच वेळी नांदताना दिसतात. २०१५ साली नाशिकच्या महेंद्र व हितेंद्र महाजन ह्या डॉक्टर बंधूंनी जोडीने, आणि २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत पुरी केली. सुमारे पाच हजार किलोमीटरांच्या ह्या शर्यतीत स्वारामागून साहाय्यकांचे पथक चालते. उलटपक्षी दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरांच्या ब्रेव्हे नावाच्या फेऱ्यांत, ज्यांत आता महाराष्ट्रातील लहान गावांचे स्वारही उतरतात, स्वाराने स्वावलंबी राहावे व नियंत्रण-ठाण्यांबाहेर मदत घेऊ नये असा दंडक आहे. म्हणजे १९१३ चा नियम अजून जिवंत आहे. सांगाडा मात्र १९१३ चा राहिलेला नाही. ज्याची दुरुस्ती स्वाराला करता येत नाही, इतकेच नव्हे तर ज्याचे दुखणेही त्याला ठरविता येत नाही, अशा वस्तूवर बसून त्याने स्वावलंबनाचा नियम पाळावयाचा आहे.

बुलढाण्याच्या तरुणापुढे हा पेच अधिक टोकदार होतो. कार्बनची सायकल त्याने बहुधा काही वर्षांच्या बचतीतून घेतलेली असते व ती एकच असते. तपासणीची उपकरणे महानगरात. शर्यत उद्या सकाळी. ‘एवढ्याशा रेघेने काय होते’ असे म्हणणारे मित्र भोवती असतात, प्रवेशशुल्क भरलेले असते, घरी सांगून आलेला असतो. अशा वेळी मोह होतो तो सांगाड्याविषयी निवाडा आपल्या इच्छेनुसार करून घेण्याचा. इतिहासाचा थोडासा परिचय येथे उपयोगी पडावा. क्रिस्तोफला निवाडा करण्याचा अधिकार होता, कारण ज्यावर निवाडा करावयाचा ते त्याच्या नजरेसमोर होते. येथे ते नाही. म्हणून रेघेचे निदान आज होणार नाही हे मान्य करून, रेघेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण व तारीख घालून तो सांगाडा बाजूस ठेवावा, आणि कोणाची तरी पोलादी किंवा ॲल्युमिनियमची सायकल मागून घ्यावी, हेच आम्हांस युक्त दिसते. बैठकीची उंची तेवढी आपल्या मापाने लावून घ्यावी, पेडल आपली बसवावीत. फ्रूमची अडचण तीच होती.

ह्यात गमवावयाचे काय, त्याचा हिशेब साधा आहे. स्वार सत्तर किलोचा आणि कार्बनची सायकल आठ किलोची धरली, तर अकरा किलोच्या पोलादी सायकलीने एकूण भार अठ्ठ्याहत्तरावरून एक्क्याऐंशीवर जातो. ही वाढ शेकडा चारांहूनही थोडी कमी आहे. तेवढ्याच दमाने चढणाऱ्यास चढावर वेळही साधारण त्याच प्रमाणात अधिक लागेल, आणि सपाटीवर व उतारावर हा फरक जवळजवळ नाहीसा होईल. राजूर घाटासारखा एखादा चढ ज्यास अर्धा तास लागतो, त्यास मागून घेतलेल्या सायकलीवर सव्वा मिनिटाहूनही कमी वेळ अधिक लागेल.